आदी तजुर्बा, मग खुर्ची

नोकरी मागायला आलेल्या माणसाला मन्मथअप्पा नाव विचारत नसत. आधी म्हणत, "हात दाखव." तळवा उलटासुलटा करून बघत, मगच काम सांगत. त्यामुळे परभणीच्या आमच्या कापसाच्या जिनिंगात मोठा ज्योतिषी बसतो, असा पंचक्रोशीत बोलबाला झाला. चुडाव्याहून एक म्हातारा आला, हात पुढं करून म्हणाला, "मालक, पोरीचं लगीन कवा जमंल तेवढं बघा."

अप्पांनी गंभीरपणे हात न्याहाळला. "ते मला दिसंना. पर यंदा कापूस लय येचलायस तू."

बोंडांच्या टोकांनी ओरखडलेली बोटं त्यांनी ओळखली होती. म्हातारा कापूस निवडायच्या कामाला लागला आणि अप्पांवरची लोकांची श्रद्धा आणखीच वाढली.

ही गोष्ट निजामाच्या अमदानीतली. मी त्या जिनिंगाच्या कचेरीत कारकून होतो. अप्पा पालमच्या दुकानदाराचे चिरंजीव, उर्दूतून मॅट्रिक झालेले. मजूर नेमायचे आणि त्यांच्याकडं बघायचं, या कामासाठी जिनिंगाचे मालक असलेल्या शेठनी त्यांना बोलावलं. मी खुर्ची पुसून ठेवली. अप्पा म्हणाले, "खुर्चीवर कवाबी बसता येतंय. आदी कामाचा तजुर्बा पाहिजे. मला सहा म्हैने मजुरात घाला."

शेठ हसले. अप्पा हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या पाठीवर कापसाची पोती चढली. मग इंजिनाच्या भट्टीत लाकडं घालणं, मग बायांच्या ओळीत बसून यंत्राला कापूस लावणं. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. अप्पा विचारायचे, "मावशी, माझं कुठं चुकायलंय?"

एकदा त्यांचे वडील पेढे घेऊन आले, पोराला खुर्चीत बघायला. अंगणात कापसाच्या धुळीनं डोक्यापासून पायापर्यंत पांढराफटक झालेला एक हमाल उभा होता. त्यालाच त्यांनी विचारलं, "बाबा, आमचे मन्मथअप्पा साहेब कुठं बसतात?"

"मीच हाय, बापू."

म्हातारा बघतच राहिला. "तुझ्या आईला काय सांगू?"

"सांगा, शिकायलाय म्हणून."

बापूंनी पेढे वाटले, पण अंत्यविधीला आल्यासारख्या चेहऱ्यानं.

शेवटी वर्षभरानं अप्पा खुर्चीवर बसले. थोड्याच दिवसांत शेठ म्हणाले, "कोपऱ्यातल्या यंत्रावरच्या पाच म्हाताऱ्या लय संथ आहेत. काढून टाका."

"त्या संथ न्हाईत," अप्पा म्हणाले. "तिथं उजेड न्हाई. दुपारी सगळी धूळ तिकडंच येती. मी बसलोय तिथं."

"सांगितलं तेवढं करा."

"मग आदी माझं नाव काढा."

लिहिता लिहिता माझा टाक थांबला. अप्पांची जागा गेली तर अशी दुसरी मिळणार नव्हती. पण ते शांतपणे म्हणाले, "न्हाईतर शेठ, तुमीच तासभर तिथं बसून बघा."

शेठही हट्टी. जाऊन बसले. पाव तासात खोकत, डोळे पुसत बाहेर आले आणि थेट घरी गेले. आठ दिवसांत त्या भिंतीला खिडकी पडली. पाचही जणी कामावर राहिल्या. ती खिडकी मीच पाडल्यासारखा मी बाजारात महिनाभर छाती काढून सांगत फिरलो.

एके दिवशी संध्याकाळी कचेरी बंद करताना मी विचारलं, "अप्पा, मजुरीचे सहा महिने ठरले होते. तुम्ही वर्ष काढलंत. असं काय शिकायचं राहिलं होतं?"

अप्पांची बायको लग्नानंतर दोनच वर्षांत वारली होती. ते एका खोलीत एकटेच राहत. कुलूप लावून त्यांनी ते दोनदा ओढून बघितलं.

"शिकणं सहा म्हैन्यातच झालं होतं," ते म्हणाले. "पर मजुरात दुपारी कुणीतरी हाक मारायचं, अप्पा, जेवायला या. खुर्चीत बसल्यापास्नं माणसं नुसती उठून उभी राहतात."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी माझी भाकरी घेतली आणि त्यांना घेऊन अंगणात गेलो. बाया जेवत होत्या. आम्हाला बघून त्या उठायला लागल्या, तशी त्यांच्यातली एक म्हातारी बाकीच्यांना म्हणाली, "बसा गं." मग जरा सरकून तिनं पोत्यावर जागा केली.

"या अप्पा. ठेचा लय तिखट हाय, बेतानं खावा."