ढग वगळून मंजूर

आंतरराष्ट्रीय कायदा विभागात शोधनिबंधाचा विषय निवडण्याचे विद्यार्थ्याला संपूर्ण स्वातंत्र्य होते. नियमावलीत ते ठळक अक्षरांत छापले होते. त्याखाली जरा बारीक अक्षरांत दोन अटी होत्या. निवडलेल्या विषयावर यापूर्वी कोणीही काम केलेले नसावे, ही पहिली. त्या विषयावर यापूर्वी झालेल्या कामाची भरघोस यादी अर्जासोबत जोडावी, ही दुसरी. या दोन्ही अटी एकाच वेळी पाळणारा विद्यार्थी विभागाच्या इतिहासात होऊन गेला नव्हता. तरीही दरवर्षी निबंध सादर होत, पदव्या मिळत आणि समूह-छायाचित्रात सगळे हसत असत.

या विभागात एक मुलगी आली. ती मूळची पदार्थविज्ञानाची. कोणी ‘थोडं थांब’ म्हटले की ‘थोडं म्हणजे किती?’ असे विचारायची, म्हणून पहिल्याच आठवड्यात तिचे नाव ‘मोजपट्टी’ पडले. प्रयोगशाळेतली बरी नोकरी सोडून ती आली होती, आणि तिथली तिची खुर्ची लगेच भरली गेली होती. सत्राच्या शेवटच्या बैठकीत विषय मंजूर झाला नाही तर इथली नोंदणीही रद्द. म्हणजे धड इकडे ना तिकडे.

विषय मात्र तिच्याजवळ तयार होता. तो बाबांनी दिला होता. बाबांची रोपवाटिका देशाच्या अगदी कडेला, टेकडीच्या पायथ्याशी. टेकडीपलीकडे शेजारचा देश. अलीकडे तिकडचे लोक विमानातून कसलीशी पूड फवारायचे आणि इकडे यायला निघालेला ढग तिथेच रिता करून घ्यायचे. बाबा कुंपणाशी उभे राहून बघत.

“बाळ, आपल्याकडे निघालेला पाहुणा शेजाऱ्याने वाटेतच जेवायला बसवून घेतला, तर भांडता येत नाही,” ते म्हणाले होते. “पण ढगाचं काय? कायद्यानं तो कोणाचा?”

ढग कसा होतो हे मोजपट्टीला ठाऊक होते. कोणाचा होतो, हे तिच्या पुस्तकांत नव्हते.

ती आधी मामांकडे गेली. मामा कोणाचेच मामा नव्हते. विभागातले सर्वांत जुने, नोंदणी रद्द करण्याचा नियम येण्याआधीचे विद्यार्थी होते. विषय निवडता निवडता त्यांचे केस पिकले होते आणि त्यांच्याच बाकावरचा मित्र आता त्यांचा परीक्षक होता.

“ढग?” मामांनी चष्मा कपाळावर चढवला. “अगं मोजपट्टे, इथे विषय निवडत नसतात. कोणाच्या हद्दीतून जातो ते बघून वाट मागतात.”

“हद्द? विषयाला?”

“समुद्र आपल्या विभागप्रमुख बाईंचा. तरुणपणी त्यांनी समुद्रावर एक निबंध लिहिला, तेव्हापासून जगातलं सगळं खारं पाणी त्यांचं. अंतराळ सरांचं. परवानगीशिवाय तळटीपेत ‘किनारा’ लिहिलास तरी घुसखोरी.”

“आणि निर्वासितांचा कायदा?”

“त्या बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या प्रदेशावर दोघांचाही दावा आहे. सध्या तिकडे कुणी फिरकत नाही.”

प्रमुख बाईंच्या खोलीत भिंतभर समुद्राचा नकाशा होता. प्रत्यक्ष समुद्रावर त्या एकदाच गेल्या होत्या आणि मळमळल्यामुळे अर्ध्या वाटेतून परतल्या होत्या. त्यांनी विषय शांतपणे ऐकला.

“ढग असतो कुठे?”

“हवेत, बाई.”

“मग माझ्याकडे कशाला आलीस? सरांकडे जा.”

अंतराळवाल्या सरांची खोली तळमजल्यावर होती, कारण त्यांना उंचीची भीती वाटे. त्यांनीही शांतपणे ऐकले.

“ढग असतो कशाचा?”

“पाण्याचा, सर.”

“मग हे बाईंचं खातं.”

इथे मोजपट्टीच्या हातून चूक झाली. प्रयोगशाळेत जे दिसेल ते सांगायची सवय, ती म्हणाली, “पण बाई म्हणाल्या, ढग त्यांचा नाही.”

सर खुर्चीत ताठ झाले. “असं म्हणाल्या? स्वतःहून?” बाईंनी फुकटात सोडलेली वस्तू बिनकामाची असणे शक्य नव्हते. सरांनी तिथल्या तिथे विभागाला कळवून टाकले की ढग हा अंतराळ कायद्याचा प्राचीन आणि अविभाज्य भाग आहे.

ते कळताच बाईंचे उत्तर आले. ढगातले पाणी हे मूळचे समुद्राचेच असून ते काही काळ बाहेरगावी गेले म्हणून त्याची मालकी बदलत नाही.

अशा रीतीने सकाळपर्यंत बेवारस असलेल्या ढगाला दुपारी दोन मालक मिळाले. मोजपट्टीला मात्र एकही मार्गदर्शक मिळेना. ज्याच्याकडे जावे तो म्हणे, “आधी वाद मिटू दे.”

वाद मिटवण्यासाठी प्रत्यक्ष पाहणी ठरली. विषय मंजूर करणारी समिती गच्चीवर गेली. बाईंनी छत्री आणली होती. सर जिन्याच्या दारातच चौकट घट्ट धरून उभे राहिले आणि ‘मला इथूनही दिसतं’ असे म्हणाले. आकाश स्वच्छ निळे होते. बराच वेळ मान वर करून झाल्यावर ‘पाहणीचा विषय पूर्वसूचना देऊनही गैरहजर’ असा शेरा मारून पाहणी तहकूब झाली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ढगच ढग होते. पण त्या दिवशी सुटी होती.

त्या संध्याकाळी बाबांचा फोन आला.

“काय मग, लागला का निकाल? कोणाचा निघाला?”

“बाबा, अजून विषयच मंजूर व्हायचाय.”

“बरं बरं, सावकाश होऊ दे. मोठी माणसं आहेत ती.” मग ते म्हणाले, “कालही तिकडेच पडला. गुलाबाची कलमं माना टाकायला लागलीत.”

शेवटच्या बैठकीच्या आदल्या दिवशी दोन्ही पक्षांत तह झाला. ढगाची खालची बाजू बाईंची, वरची सरांची. मधल्या पृष्ठभागावर विद्यार्थिनीने, दोन्ही बाजूंना धक्का न लावता, मुक्तपणे संशोधन करावे.

“सर, ढगाला अशी कड नसते,” मोजपट्टी कळवळून म्हणाली. “तो विरळ होत होत संपतो.”

“ही तुमच्या विज्ञानाची अडचण आहे. कायद्यात कड असते.”

“किती जाडीची?”

“त्यासाठी समिती नेमू,” बाई मायेने म्हणाल्या. त्या दिवशी प्रथमच बाईंचे आणि सरांचे एकमत झाले, आणि ते ऐकायला मामा मुद्दाम व्हरांड्यात येऊन थांबले होते.

बैठकीत मोजपट्टीने शीर्षक वाचले : ‘ढग कोणाचा?’

सदस्यांनी शीर्षकाकडे पाहिले. घरच्या कपड्यांत लग्नाला आलेल्या पाहुण्याकडे पाहावे तसे.

“प्रश्नचिन्ह काढा,” सर म्हणाले. “संशोधनात शंका नको.”

“‘कोणाचा’ हा शब्द फार थेट आहे,” बाई म्हणाल्या. “‘स्वामित्वाचे काही पैलू’ म्हणा.”

“पैलू तरी कशाला?” एक सदस्य जागे होऊन म्हणाले. “पैलूंविषयीचे दृष्टिकोन म्हणा. उद्या कोणी आक्षेप घेतला तर दृष्टिकोन आपला नव्हताच.”

“आणि ‘संभाव्य’ घाला,” दुसरे एक सदस्य म्हणाले. “‘संभाव्य’ला हरकत घेतलेली मी तरी पाहिली नाही.”

प्रत्येक जण एकेक शब्द घालत गेला, वऱ्हाडी आहेर ठेवतात तसा. शेवटी सर्वांची नजर त्या एका उरलेल्या शब्दावर येऊन थांबली.

“हा ‘ढग’,” बाई म्हणाल्या, “जरा बाळबोध वाटतो, नाही?”

“शिवाय वादग्रस्त,” सर म्हणाले.

मोजपट्टी उभी राहिली. “पण बाई, निबंधच ढगावर आहे.”

“म्हणूनच गं. तो काढला की कोणाचीच हरकत उरणार नाही.” बाईंनी घड्याळाकडे पाहिले. “बघ बाई, तुझी नोंदणी. आम्हाला काय, ‘ढग’ ठेवूही. मग हा वाद पुढच्या सत्रात घेऊ.”

पुढच्या सत्रात तिची नोंदणीच नसणार होती. तिने दाराबाहेर उभ्या मामांच्या पिकल्या केसांकडे पाहिले आणि ती खाली बसली. विषय टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला : ‘सीमावर्ती अनिश्चित पदार्थांच्या संभाव्य स्वामित्वाच्या काही पैलूंविषयीच्या दृष्टिकोनांचा एक प्रारंभिक आढावा, विशेष संदर्भ : अद्याप निश्चित नाही’.

निबंध लिहायला फारसा वेळ लागला नाही. सांगण्यासारखे काही वगळले की लिखाण भराभर होते. दोन्ही अटीही पाळल्या गेल्या. विषय नेमका काय आहे हे कोणालाच कळत नसल्याने त्यावर पूर्वी कोणी काम केले नव्हते, आणि त्याच कारणाने कोणतेही पुस्तक यादीत चालले. निबंधाला पारितोषिक मिळाले. मोजपट्टीला विभागातच नोकरी लागली, खोली मिळाली. एके दिवशी एक नवी विद्यार्थिनी दारात येऊन म्हणाली, “ताई, मला धुक्यावर लिहायचं आहे.”

“धुकं म्हणजे जमिनीवर उतरलेला अनिश्चित पदार्थ,” मोजपट्टी म्हणाली. “ते माझ्याकडे येतं. आधी मला विचारायला हवं होतंस.”

मुलगी वरमली. “मग थोडं थांबू का, ताई?”

“थांब थोडं.”

थोडं म्हणजे किती, हे मुलीने विचारले नाही, आणि मोजपट्टीच्याही ते लक्षात आले नाही.

बाबांनी निबंधाचे शीर्षक मोठ्या पाटीवर रंगवून घेऊन रोपवाटिकेच्या फाटकावर लावले. दोन ओळींत बसेना म्हणून पाटी वाढवावी लागली. गिऱ्हाईक वाचते, मान डोलावते आणि विचारते, “म्हणजे काय हो?”

“ढगाबद्दल आहे,” बाबा अभिमानाने सांगतात. “दिसत नाही, पण आहे.”

पाटी इतकी मोठी आहे की तिच्या सावलीत काही कुंड्या तग धरून आहेत. गुलाबाची कलमे मात्र गेली. ती कधी गेली, हे कोणी विचारले नाही. समितीने नाही, परीक्षकांनी नाही, निबंधाची वाहवा करणाऱ्यांनीही नाही. तुम्हीही नाही. तुम्ही मघापासून शीर्षकालाच हसत होतात.