तीस किलोवाले हमीदभाई

हमीदभाई बॅग उचलताना डोळे मिटतात. उजव्या हाताची दोन बोटं हँडलमध्ये अडकवायची, बॅग जमिनीपासून वीतभर वर घ्यायची, मान जराशी कलती करायची आणि तीन-चार सेकंद गप्प राहायचं. मग डोळे उघडून ते आकडा सांगतात.

"एकोणतीस किलो सहाशे. अजून चारशे ग्रॅम बसतंय. कोणाचं काय राहिलंय का?"

शारजातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये जून उजाडला की शाळांना सुट्ट्या लागतात आणि सगळे गावाला निघतात. त्या पंधरा दिवसांत हमीदभाई माणसांत नसतात, बॅगांत असतात. संध्याकाळी वर्कशॉपमधून आले की चहा घेऊन जे निघतात ते मजल्यामजल्यावर फिरत राहतात. कोणी बोलावलंच पाहिजे असंही नाही. लिफ्टमध्ये तुमच्या हातात ब्लँकेटचं खोकं दिसलं की ते विचारतात, "कधीची फ्लाइट? उद्या येतो."

आमची ओळख अशीच झाली. आम्ही साताऱ्याचे. नवऱ्याची नोकरी दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समध्ये, पण तिथलं भाडं परवडेना म्हणून घर शारजात. आमची पहिलीच सुट्टी होती. मी दोन दिवस खपून बॅग भरली होती. शेजारच्या फ्लॅटमधले हे गृहस्थ दारात आले, चपला काढल्या, सलाम केला आणि थेट बॅगेपाशी गेले. डोळे मिटले.

"एकतीस किलो तीनशे."

नवऱ्याने हसत कपाटातून आपला डिजिटल काटा काढला. काट्यावर एकतीस किलो शंभर आलं. नवरा खूश झाला. हमीदभाई जराही हलले नाहीत.

"साहेब, तुमच्या काट्याचा सेल उतरलाय."

नवऱ्याने हट्टाने नवा सेल घातला. एकतीस किलो तीनशे. त्या दिवसापासून आमच्या घरात तो काटा कोणी वापरला नाही.

हे त्यांच्या हातात कुठून आलं, तर नोकरीतून. शारजा इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये ते अठ्ठावीस वर्षं आहेत. नट, बोल्ट, वेल्डिंगचे रॉड, सगळं तिथे वजनावर द्यायचं. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावातून विशीत आले आणि तेव्हापासून लोखंड तोलत बसले. "आता बायकोने भाताचं ताट वाढलं तरी हात आपोआप वजन करतो," ते म्हणतात. यावर झुलेखाभाभी आतून ओरडतात, "मग एक दिवस भांडी घासून बघा, किती किलो भरतात!"

बॅग भरण्याचे त्यांचे कायदे आहेत. पहिला कायदा: "बॅगेत हवा न्यायची नाय. हवा गावाला फुकट हाय." म्हणून बुटात पिस्ते, पिस्त्यांच्या पुडीभोवती मोजे, कुकरमध्ये चॉकलेटं आणि कुकरच्या शिट्टीच्या जागी अत्तराची बाटली. दुसरा कायदा: एक किलोही जास्त न्यायचा नाही. "काउंटरवर एका किलोचे पन्नास दिरहम मागतात. म्हणजे साडेअकराशे रुपये! तेवढ्यात आमच्या बंदरावर बांगड्याची टोपली येते. खलास, विषय संपला." तिसरा कायदा: एक ग्रॅमही कमी न्यायचा नाही. तीस किलोच्या तिकिटावर अठ्ठावीस किलो घेऊन जाणाऱ्या माणसाबद्दल त्यांना मनापासून वाईट वाटतं. चौथ्या मजल्यावरचा एक पोरगेला इंजिनिअर एकदा नुसती पाठीवरची सॅक घेऊन गावाला निघाला, तेव्हा हमीदभाई त्याच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसे बघत राहिले. "घरी कोणी नाय काय रे तुझ्या?"

आणि चौथा कायदा मला सगळ्यात आवडतो. प्रत्येक वस्तू हातात घेऊन ते विचारतात, "ही कोणाची?" सासूबाईंचा बाम, वडिलांचा गुडघ्याचा पट्टा, भाच्याची गाडी. मग म्हाताऱ्या माणसांच्या वस्तू सगळ्यात वर ठेवतात. मी कारण विचारलं.

"वहिनी, बॅग उघडली की पोरं उड्या मारतात. म्हातारी माणसं लांब खुर्चीत बसून बघत राहतात. मागत नाहीत. त्यांचं पहिलं निघालं पाहिजे."

मी लग्नापासून बॅगा भरत होते. माझ्या हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

कायद्यांना अपवाद एकदाच झाला. आमची सई तेव्हा सहा वर्षांची होती. तिचं कापडी अस्वल म्हणजे हमीदभाईंच्या दृष्टीने निव्वळ हवा. त्यांनी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, गुडघ्याने दाबून चपटं केलं आणि ब्लँकेटखाली सारलं. सई किंचाळली, "अंकल, ही कान्ट ब्रीद!"

हमीदभाई थांबले. अस्वल बाहेर काढलं. हाताने थापटून फुगवलं. मग माझे दोन किलो पिस्ते बाहेर ठेवले आणि त्या जागी अस्वलाला उताणं झोपवलं. चेन लावताना टोकाला दोन बोटं फट ठेवली. "हबीबी, आता घेईल ना श्वास?" सईने वाकून खात्री केली आणि म्हणाली, "ओके." पिस्ते मी पुढच्या वर्षी नेले.

परतीच्या बॅगेवरही त्यांचाच हुकूम. एका वर्षी मी माहेराहून आईच्या हातचं लोणचं, कुळथाचं पीठ आणि चटण्या आणायच्या म्हणून बॅग भरायला बसले होते. शारजाहून व्हिडिओ कॉल आला. "कॅमेरा बॅगेवर धरा वहिनी. तुमचं तोंड काय बघायचं, बॅग दाखवा." पाऊण तास त्यांनी तिथून हुकूम सोडले. शेवटी चेन लागेना.

"आई आहेत का घरात? त्यांना बसवा वर."

माझी आई बहात्तर वर्षांची. ती खरोखरच पदर खोचून बॅगेवर बसली.

"आई, मधोमध बसा! पुढे नका सरकू, पुढे बरणी हाय!"

चेन लागली. आईने फोन हातात घेऊन त्यांना विचारलं, "बाबा, तू कोण रे?" ते म्हणाले, "मी शेजारचा, आई. तुमच्या हातचं लोणचं अर्धं माझ्या घरात येतं." आई अजून फोनवर आधी हमीदभाईंची चौकशी करते, मग जावयाची.

गेल्या वर्षी मे महिन्यात गावाहून फोन आला. हमीदभाईंच्या आई अंगणात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्या अंथरुणातून उठेनात. त्यांच्या दोन्ही मुली लग्न होऊन लांब गेलेल्या, गावात करणारं कोणी नाही. हमीदभाईंनी नोकरी सोडतो म्हटलं. झुलेखाभाभींनी ऐकलं नाही.

"तुमची नोकरीची दोन वर्षं राहिली. ती पुरी करा. मी जाते."

"किती दिवस?"

"अम्मी उठेपर्यंत."

अम्मी किती दिवसांत उठतील हे दोघांनाही माहीत नव्हतं. आणि इथे राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असलेली दुसरी गोष्टही त्यांना माहीत होती: सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की व्हिसा जातो. लग्नानंतर पाच वर्षांनी हमीदभाईंनी त्यांना इकडे आणलं होतं. त्यानंतर दोघं महिन्याभराहून जास्त कधी वेगळे राहिलेले नव्हते.

जाण्याच्या आदल्या संध्याकाळी मी मदतीला गेले, तर हमीदभाई बेडरूमचं दार लावून एकटेच बॅग भरत होते. भाभी स्वयंपाकघरात डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. हळद, जिरं, गोडा मसाला. "तीस वर्षांत आत पाय ठेवला नाय त्यांनी. मीठ म्हणून साखर टाकतील," त्या म्हणाल्या. मी बॅगेचं विचारलं. "त्यांचं खातं हाय ते. मी कधी बघत नाय."

दुसऱ्या दिवशी दुपारची फ्लाइट. नवऱ्याने सुट्टी घेतली आणि आम्ही चौघं एअरपोर्टवर गेलो. बॅग ट्रॉलीवर होती, हमीदभाई तिला कोणाला हात लावू देत नव्हते. काउंटरवर पट्ट्यावर त्यांनीच ठेवली.

काउंटरवरच्या मुलीने आकड्याकडे बघितलं. मग भाभींकडे.

"मॅडम, ओन्ली इलेव्हन किलो? यू हॅव नाइन्टीन मोर. एनी अदर बॅग?"

मला वाटलं मशीन बिघडलं. नवऱ्यालाही तसंच वाटलं असावं, तो वाकून बघायला लागला. हमीदभाई मात्र समोरच्या फ्लाइटच्या बोर्डाकडे बघत उभे होते, जणू त्यावर काही अवघड लिहिलंय.

भाभी त्यांच्याकडे वळल्या. "माझे ईदचे ड्रेस?"

"कपाटात."

"जाडी शाल?"

"कपाटात."

"शिवणाची पेटी? ती तर मी स्वतः बॅगेवर ठेवलेली."

"ती पण." आणि मग बोर्डावरची नजर न काढता ते हळूच म्हणाले, "शालीचं गावाला काय करतेस? तिथे कुठे थंडी पडते. इथे डिसेंबरात लागेल तुला."

काउंटरवरची मुलगी थांबली होती. मागे रांग होती. झुलेखाभाभींनी हात पुढे केला, हमीदभाईंच्या शर्टाचं वरचं बटण लावलं, कॉलर सरळ केली. इतक्या वर्षांत चारचौघांत मी त्यांना नवऱ्याला हात लावताना पाहिलं नव्हतं.

"डिसेंबरच्या आधी येते," त्या म्हणाल्या. मग मुलीकडे वळून, "नो अदर बॅग."

परतताना हमीदभाई गाडीत मांडीवरच्या रिकाम्या हातांकडे बघत राहिले. नवऱ्याने ट्रॅफिकवर काहीतरी काढलं, ते तिथेच राहिलं. दुसऱ्या संध्याकाळी मात्र ते तिसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरमध्ये चॉकलेटं भरत होते.

मधले महिने त्यांनी कसे काढले ते सांगण्यासारखं नाही. डबा आमच्याकडून जायचा आणि धुतलेला परत यायचा. अम्मी भिंत धरून उभ्या राहिल्या ही बातमी त्यांनी ऑक्टोबरात सगळ्या बिल्डिंगला पेढे वाटून दिली. भाभींचं तिकीट नोव्हेंबरातलं निघालं, सहा महिने भरायला अकरा दिवस बाकी असताना.

त्या दिवशी हमीदभाईंना एअरपोर्टवर घेऊन जायचं म्हणून मी दुपारी एकला त्यांचं दार वाजवलं. कुलूप होतं. फोन लावला.

"हमीदभाई, कुठे आहात? आपल्याला निघायचंय ना?"

"मी इथेच आलोय वहिनी, एअरपोर्टवर. सकाळीच आलो. म्हटलं, इन्शाल्ला लवकर पोचली तर?"

फ्लाइट चारची होती.