गोळ्याऐवजी फुलपाखरं

इंग्रजी वाक्प्रचारांच्या पुस्तकातला एकशे चौदावा वाक्प्रचार पाठ झाला, त्या दुपारी माझ्या पोटातला गोळा नाहीसा झाला आणि त्याच्या जागी फुलपाखरं आली.

यात नवल नव्हतं. 'बटरफ्लाइज इन द स्टमक' या ओळीसमोर 'पोटात गोळा येणे, घाबरणे' असा अर्थ स्वच्छ छापला होता. अठ्ठ्याऐंशीव्या, 'पिन्स अँड नीडल्स' या वाक्प्रचारालाही असंच झालं होतं. फार वेळ मांडी घालून बसलं की माझ्या पायाला मुंग्या यायच्या, त्या बंद झाल्या आणि टाचण्या-सुया येऊ लागल्या. आईनं त्यातल्या चांगल्या सुया वेचून डबीत ठेवल्या. "बरं झालं," ती म्हणाली, "मुंग्या साखरेला लागायच्या."

फुलपाखरं फिकट पिवळी होती. जांभई दिली की एखादं ओठांपर्यंत येऊन परत वळायचं, त्यामुळे रंग कळला. दुपारी ती पंख मिटून बसत, आणि मला इतकं हलकं वाटे की जिना उतरताना कठडा धरावा लागे.

प्रश्न होता परवानगीचा. शिलाँगच्या एका शाळेत गणित शिकवायची नोकरी मला लागली होती आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. आमच्या तालुक्यात ज्या ठिकाणच्या भीतीनं पोटात गोळा आला असेल, त्या ठिकाणी एकट्यानं जाता येत नाही. माझा गोळा मी सोळा वर्षांची असताना तहसीलच्या वाक्प्रचार विभागात नोंदवला गेला. नोंद केली मोठ्या काकांनी, आणि 'कशाची भीती' या रकान्यात लिहिलं 'परगाव'. मला कुणी विचारलं नाही. मोठे काका बाबांचे थोरले भाऊ. आमच्या घरात निर्णय ते घेतात आणि बाबा मान डोलावतात.

गुरुवारी मी नोंद रद्द करण्याचा अर्ज घेऊन गेले. काका हरकत घ्यायला आले. आई माझा डबा घेऊन आली.

तिथल्या कारकुनांनी, कुलथे भाऊसाहेबांनी, अर्ज दोनदा वाचला.

"शलाका डोईफोडे. गोळा गेल्याचा पुरावा?"

"आता फुलपाखरं आहेत."

"किती?"

"मोजली नाहीत."

"साधारण सांगा."

"तीस-पस्तीस."

त्यांनी बत्तीस लिहिलं.

"भाऊसाहेब, काही बदललेलं नाही," काका म्हणाले. "पुस्तकात अर्थ बघा. घाबरणे. गोळा म्हणा नाहीतर फुलपाखरं म्हणा, पोरगी घाबरलेलीच आहे."

"मी घाबरलेली नाही."

"मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस."

"माझ्या पोटाचा विषय चाललाय, काका. तुमच्या नाही."

"बघा! इंग्रजी शिकल्यापासून अशी बोलते."

"मी मराठीतच बोलतेय."

"मराठीत," भाऊसाहेबांनी नोंद घेतली. मग पुस्तक मागून घेतलं, एकशे चौदाव्या ओळीवर पट्टी ठेवली आणि बराच वेळ बघत राहिले. "छापील अर्थ मला बदलता येत नाही, ताई. फुलपाखरं म्हणजे भीतीच."

काकांनी टोपी सारखी केली.

"पण कशाची भीती," भाऊसाहेब पुढे म्हणाले, "ते इथे छापलेलं नाही. जुनी नोंद गोळ्याची होती. फुलपाखरांसाठी रकाना नव्यानं भरावा लागेल. तपासणी करून."

शेजारच्या दवाखान्यातून सिस्टरना बोलावणं गेलं. त्या अर्ध्या तासानं आल्या. "माफ करा हं," त्या म्हणाल्या. "हेडमास्तरांनीही हेच पुस्तक घेतलंय. आधी त्यांचा घसा बसायचा, आता घशात बेडूक बसतो. हाताला लागत नव्हता." त्यांनी नळी कानाला लावून दुसरं टोक माझ्या पोटावर ठेवलं.

तपासणीची पद्धत साधी होती. हरकत घेणाऱ्यानं ठिकाणाचं वर्णन करायचं, आणि फुलपाखरं उडाली तर भीती त्या ठिकाणची.

काका उभे राहिले. त्यांनी तयारी केली होती. "शिलाँग," ते म्हणाले. "दोन रात्रींचा प्रवास. हाडं गोठवणारी थंडी. बोलायला आपलं माणूस नाही. तापानं फणफणलीस तर पाणी द्यायला कोण?"

"शांत आहेत," सिस्टर म्हणाल्या.

"डोंगर! धुकं! समोरचा माणूस दिसत नाही असं धुकं!"

"पंख मिटून बसलीत."

मला धुकं दिसत होतं. त्यात एक फळा होता, आणि फळ्यावर अर्धवट सोडवलेलं गणित.

"आता पडताळणीसाठी दुसरं ठिकाण घ्या," भाऊसाहेब म्हणाले. "घर घ्या. सगळे घरच घेतात."

काकांचा आवाज मऊ झाला. "घर. तुझी खोली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आपला सगळा बोळ दिसतो. सातला मी फाटकाची कडी लावतो. मग कसली काळजी नाही. उद्या तसंच. परवा तसंच…"

सिस्टरनी झटकन नळी कानातून काढली. नळीशिवायही ऐकू येत होतं. टेबलावरचे कागद हलले, भाऊसाहेबांनी त्यांवर वजन ठेवलं. रोज संध्याकाळी ही फडफड व्हायची आणि मी समजायचे की ती शिलाँगच्या ओढीनं होते. मी घाबरलेली होते. काकांचं बरोबर होतं.

भाऊसाहेबांनी रकान्यात लिहिलं, 'घर'. मग आदेश वाचून दाखवला. "अर्जदारास घरी एकटीने जाण्यास मनाई. सोबत वडीलधारी व्यक्ती आवश्यक. शिलाँगबाबत या विभागाची हरकत नाही."

"मग मी नेतो तिला घरी," काका म्हणाले.

"अर्जदाराची संमती असेल तर."

"नाही," मी म्हणाले.

"मग तुम्हाला घरी जाता येणार नाही, ताई," भाऊसाहेब खेदानं म्हणाले. "माझा नाइलाज आहे." आणि त्यांनी शिक्का मारला.

इतका वेळ दाराशी उभी असलेली आई टेबलापाशी आली. "भाऊसाहेब, माझा गोळा लग्नापासूनचा आहे. तीस वर्षं झाली. त्याच्यापुढे काय लिहिलंय?"

त्यांनी जुनं बाड काढलं, धूळ फुंकली. "रिकामं आहे."

"काहीच नाही?"

"तेव्हा बायकांना हा रकाना नव्हता."

"चल, उशीर होतोय," काका तिला म्हणाले.

"भाऊजी, बसा जरा." काका बसले. आईनं डबा माझ्या हातात दिला. "सव्वाचारची गाडी आहे ना? निघ तू. अंगावरचं पुरेल, बाकीचं पाठवते. मला इथे वेळ लागेल."

ती बाकावर बसली. सिस्टरनी नळी लावली. भाऊसाहेबांनी कोरा कागद घेतला.

"विहीर," आई म्हणाली.

"नाही."

"साप."

"नाही."

"पाहुणे जेवायला बसलेले आणि भाजी कमी."

"किंचित हलला. पुढे."

"सातची कडी."

"थांबा," सिस्टर म्हणाल्या. "भाऊसाहेब, हे लिहून घ्या."

मला घरी जायची परवानगी नव्हती, म्हणून मी स्टेशनचा रस्ता धरला. कचेरीची खिडकी उघडी होती. वळणापर्यंत आईचा आवाज येत राहिला. आता ती गावांची नावं घेत होती, शाळेच्या नकाशात पाहिलेल्या लांबलांबच्या गावांची, एकामागून एक. आणि प्रत्येक नावानंतर सिस्टर म्हणत होत्या, "शांत आहे."