पाटावरची बॅटरी

भाऊसाहेबांकडे जेवायला गेलं की आपण सतरंजीवर बसायचं. पाटावर बॅटरी बसलेली असे.

"तुमाले भुईवर बसून काही होत नाई, मास्तर," ते म्हणत. "बॅटरी भुईवर ठेवली का तिची वीज जमिनीत उतरते."

साठ सालाच्या आसपास अकोल्याच्या जठारपेठेत आम्ही शेजारी होतो. ते वकील, मी शाळामास्तर. त्यांच्या दारात पत्र्याच्या छपराखाली एक जुनी विलायती मोटार उभी असे. तिची बॅटरी ड्रायव्हरच्या पायाखालच्या खळग्यात बसायची. तिथे त्यांनी खास सागवानी पेटी करून घेतली होती. आतून डांबर, तळाला काथ्याची गादी, बाजूंना हवेसाठी भोकं. तरी वैशाखात त्यांचा पेटीवर भरवसा नसे. रोज सकाळी बॅटरी घरात येई आणि तिच्यासमोर वाळ्याचा ओला पडदा लागे. ॲसिड उडून त्यांच्या धोतराची चाळण झाली होती. पक्षकार हसला तर म्हणत, "हसून काय राह्यला बे? भोकं धोतराले हायेत, मुद्द्याले नाईत."

चार्जिंगला ती टांग्यातून जाई. छत्री बॅटरीवर, भाऊसाहेब उन्हात.

"वकीलसाहेब, छत्री जरा सोताकडे घ्या नं," टांगेवाला म्हणे.

"काहून? मी फुटून राह्यलो काय?"

आणि ती मोटार तर दोन वर्षं जागची हललेली नव्हती! इंजिन आणि चाकं विकून त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे काकूंच्या, औषधपाण्यात गेली होती. भाऊसाहेब बाळापूरच्या कोर्टाला बसनं जाऊन येत. 'मोटार विटांवर, बॅटरी पाटावर' हे वाक्य माझंच. बाररूममध्ये ते इतकं चाललं की भाऊसाहेब आणि काकू गेल्यावरही थांबलं नाही. परवा एका कोवळ्या वकिलानं वेडेपणाचा नमुना म्हणून ते मलाच ऐकवलं. आज मी ते परत घेतो आहे. ज्यांना अजून हसू येतं, त्यांनी पुढचं वाचून हसून दाखवावं.

एका संध्याकाळी भाऊसाहेब बॅटरी पोटाशी धरून मोटारीकडे निघाले होते. मला पाहून थांबले.

"मास्तर, जरा आत बसा. बाई आली नाई आज, ही एकटी हाय. हॉर्न वाजवून आलोच."

"तो रोजचा हॉर्न? कोणासाठी?"

"तिच्यासाठी. मोटार मोडीत निघाली हे तिले माहीत नाई. बरी झाली का मोटारीनं अमरावतीले नेतो म्हटलं हाय, अंबादेवीले. हॉर्न बंद पडला तं तिची आस तुटन."

मी आत गेलो. अर्धांगानं काकूंची डावी बाजू गेली होती. बोलणं शाबूत होतं.

"बसवून राह्यले काय बॅटरी?" त्यांनी विचारलं.

मी खुर्ची ओढून बसलो.

"मोटार आली का आधी इंजिन ऐकू येते, मास्तर. दोन वर्सं झाले, नुसता हॉर्न येऊन राह्यला. पाय गेला माहा, कान नाई गेले."

"मग त्यांना सांगत का नाही?"

"काहून सांगू? त्या बॅटरीपायी धावतात, भांडतात, चार लोकांत जातात. नाई तं इथं उशाशी बसून रडले असते. तुमीबी तोंड बंद ठेवा."

बाहेर हॉर्न वाजला. दोनदा, खणखणीत. काकूंनी उजव्या हातानं पदर सारखा केला आणि अंगणात ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "आले काय मोटारीनं? किती उशीर हो!"

भाऊसाहेब घाम पुसत आत आले.

"बाळापूरचा रस्ता लय खराब झाला," ते म्हणाले. "सावकाश आणा लागते मोटार."

धोतराला एक नवं भोक पडलं होतं, त्याच्या कडा अजून ओल्या होत्या. काकूंनी तिकडे पाहिलं नाही.