मीटरच्या हिशेबानं घर सोडवणारे भिकनआप्पा

भिकनआप्पांकडे मी पहिल्यांदा चहाला गेलो, तेव्हा त्यांनी मला मोरीत बसवलं.

मोरी स्वच्छ होती, हे आधी सांगून टाकतो. फरशी पुसून कोरडी केलेली, बादली उपडी घातलेली, माझ्यासाठी प्लास्टिकचं स्टूल. आप्पा उंबऱ्यावर बसले, तेही पाय आत घेऊन. त्यांच्या बायकोनं, सुमनकाकूंनी, चहा दिला तो दुसरीकडे बघत. चार पावलांवर चांगला ऐसपैस हॉल रिकामा पडला होता.

"आप्पा, तिकडे बसू या की," मी म्हणालो.

"नको साहेब. आठे आपलं शे, तठे बँकनं शे."

इकडचं त्यांचं, तिकडचं बँकेचं; आणि ती बँक म्हणजे माझी. मी आमच्या शाखेत कर्जखात्याच्या टेबलावर बसतो आणि सुरतेत डिंडोलीच्या त्याच सोसायटीत आप्पांपासून दोन घरं सोडून राहतो. त्यामुळे त्या स्टुलावर बसून मला असं वाटलं, की माणसाचा हॉल आपणच अडवून ठेवलाय आणि वर त्याचाच चहा पितोय.

दोष माझाच होता म्हणा. कर्ज देताना मी आप्पांना सांगितलं होतं, हप्त्याशिवाय हातात चार पैसे राहिले की भरत चला, ते मुदलातून वजा होतात, कर्ज लवकर फिटतं. हे मी सगळ्यांनाच सांगतो. लोक मान डोलावतात आणि नवीन फ्रिज घेतात. मीसुद्धा फ्रिजच घेतला. माझ्या स्वतःच्या घरकर्जात मी आजवर एक रुपया जादा भरलेला नाही. आप्पांनी मात्र ऐकलं, आणि त्याचा अर्थ त्यांच्या पद्धतीनं लावला.

आप्पांचं सगळं आयुष्य सुरतेच्या कापड बाजारात एका पेढीवर ताके मोजण्यात गेलंय. मोजायचं, फाडायचं, घडी घालायची. त्यांनी पेढीवरची मीटरपट्टी आणून घर मोजलं, किमतीला मीटरांनी भागलं आणि मीटरमागे दर काढला. मग रिक्षाऐवजी पायी जाऊन, दुपारचा चहा सोडून, सणाला बोनस म्हणून मिळालेली मिठाईची पेटी पेढीवरच विकून जे साठेल ते घेऊन ते आमच्या शाखेत येत. स्लिपवर रक्कम लिहीत आणि खाली लिहीत, 'मोरी, डावी बाजू.'

"मुदलात टाका बरं! व्याजात नको," हे ते दर वेळी बजावत. घरीही तेच. काकू रागावल्या की आप्पा म्हणत, "बोल, बोल. व्याजात जमा होतंय."

आमचा कॅशियर कातावायचा. "काका, ओनलाइन करो ने!"

"ऑनलाइनला मोरी कुठे लिहू?" आप्पा विचारत.

पहिली मोरीच का, असं मी विचारलं होतं. "माणसानं निदान उघडं तरी आपल्या जागेत व्हावं," ते म्हणाले. मोरीनंतर स्वयंपाकघर सुटलं. त्या दिवशी सोसायटीत पेढे वाटले, आणि आम्ही पाहुणे मोरीतून ओट्याशेजारी सरकलो. टीव्ही फ्रिजच्या डोक्यावर आला. गणपती डब्यांच्या फळीवर बसले. हॉलमधून मात्र सगळे चोरासारखे भरभर जायचे. काकूंनी तिथे आवाज चढवला की आप्पा त्यांना खुणेनं आत बोलवत. बँकेच्या जागेत भांडण नको.

एका पावसाळ्यात हॉलच्या छताला गळती लागली. आप्पा थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये.

"साहेब, तुमचा हॉल टपकतोय."

"मारो हॉल?" मॅनेजर घाबरून वर बघायला लागले.

"छत तुमचं, पाणी तुमचं. मी आपली खाली बादली ठेवलीय. बादली माझी आहे, तेवढी काम झाल्यावर परत पाहिजे."

त्यानंतर मॅनेजरनी मला बोलावून, या गृहस्थाला नीट समजवा, असं सांगितलं. मी समजावलं. इतकं मन लावून मी माझ्या मुलालाही कधी शिकवलं नाही. म्हटलं, आप्पा, गहाण पूर्ण घर असतं. शेवटचा रुपया फिटेपर्यंत पूर्ण घर गहाण, आणि फिटला की पूर्ण घर मोकळं. मधे मोरी नाही, ओटा नाही.

आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. "साहेब, एक सांगा. शंभर मीटरचा ताका आहे. गिऱ्हाइकानं वीस मीटरचे पैसे दिले. मी वीस मीटर फाडून त्याच्या हातात दिलं. ते वीस मीटर कोणाचं?"

"त्याचं. पण घर फाडता येत नाही, आप्पा."

"तुम्हाला येत नसंल," ते म्हणाले. "मी चाळीस वर्षं फाडतोय."

मी हरलो. शिवाय दुसऱ्या दिवशी हा किस्सा मी शाखेत डबा खाताना नकलेसह सांगितला, सगळे पोट धरून हसले, आणि संध्याकाळी आप्पा मला फाटकाशी भेटून "साहेब, दमलेले दिसता," म्हणाले. तेव्हा जे वाटलं ते वाटलं.

स्वयंपाकघरानंतर साहजिकच हॉलची पाळी होती. काकूंनी पडद्याचं कापडही हेरून ठेवलं होतं. आप्पांनी स्लिपवर लिहिलं, 'वरची खोली.'

त्या दिवशी घरातला आवाज आमच्यापर्यंत आला. "संक्रांतना हळदीकुंकूले बायास्ले ओटावर बसाडू का?" काकू ओरडत होत्या. आप्पांचं उत्तर ऐकू आलं नाही.

मला मात्र त्यांनी सांगितलं. "आखाजीला मनीषा येतेय. तोवर ती खोली सुटली पाहिजे."

मनीषा त्यांची एकुलती मुलगी, साक्रीकडे दिलेली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, चार दिवस राहून सासरी परततात. त्या चार दिवसांसाठी एवढी धडपड? मी म्हटलं, "आप्पा, पोरगी काय, स्वयंपाकघरातसुद्धा झोपेल."

"नाही साहेब. मोकळी खोलीच पाहिजे. आखाजीच्या आत."

त्यानंतर आप्पांचं वेड वाढलं. रविवारी ते उधन्याला एका गोदामात जादा काम करू लागले. चप्पलेचा अंगठा तुटला तर सुतळीनं बांधला. उन्हातान्हात चालून काळे पडले. रक्कम कधी अडीचशे, कधी एकशे ऐंशी. आमचा कॅशियरसुद्धा आता विचारू लागला, "काका, रूम केटली बाकी?" आणि आप्पा सांगत, "खिडकी राहिली." मग, "खिडकीखालचं राहिलं." शाखेतल्या सगळ्यांना आखाजी कधी आहे ते पाठ झालं. गुजरात्यांनासुद्धा.

सणाच्या आदल्या दिवशी, काउंटर बंद व्हायच्या बेतात असताना, आप्पा घामानं निथळत आले आणि शेवटचा कोपरा भरून गेले. कॅशियरनं आपण होऊन 'मुदलमां' असं म्हणून शिक्का मारला. मीही उभा राहून त्यांचा हात हातात घेतला. माझ्या पडद्यावर त्यांच्या कर्जाचा मोठा आकडा तसाच दिसत होता, आणि त्यात कुठेही खोली नव्हती.

आखाजीच्या संध्याकाळी आप्पा आमच्या दारात आले. आत येईनात. "साहेब, जरा घरी चला. शेजारी म्हणून नको. बँकेचा माणूस म्हणून चला."

मी शर्ट बदलून गेलो. वरच्या खोलीत नवा रंग होता, पलंगावर कोरी चादर. काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या, डोळे सुजलेले. मनीषा पलंगाच्या अगदी कडेला बसली होती. मांडीवर भली मोठी पिशवी, दोन्ही हातांनी धरलेली. चार दिवसांसाठी कोणी एवढी पिशवी आणत नाही.

"साहेब आले," आप्पा म्हणाले. "आता यांना विचार. कर्जाचं खातं हेच बघतात."

ती माझ्याकडे बघायला तयार नव्हती. "आप्पा काहीही सांगतात, काका. घर बँकेचंच आहे ना अजून? आमचे हे मला रोज ऐकवतात तिकडे. निघालीस तर जाशील कुठे, म्हणतात. तुझा बाप स्वतः बँकेच्या घरात राहतो." पिशवीकडे बघत ती म्हणाली, "हात उचलतात तेव्हाही हेच म्हणतात."

हे आप्पांना कधी कळलं होतं, मला माहीत नाही. ते दाराच्या चौकटीवर बोट फिरवत उभे होते, ताक्याचा काठ तपासावा तसं.

मनीषा बी. कॉम. झालेली मुलगी. गहाण म्हणजे काय हे तिला मी सांगायची गरज नव्हती. आणि आजवर कर्जाच्या बाबतीत मी कोणाला खोटं सांगितलेलं नाही. फार तर नीट न कळेल असं सांगितलं असेल.

मी म्हणालो, "हॉलचे हप्ते चालू आहेत, बेटा. ही खोली सुटली. कालच पूर्ण झाली, माझ्यासमोर. इथून तुला बँकही उठवू शकत नाही. दुसऱ्या कोणाची काय बिशाद."

तिनं आधी माझ्याकडे आणि मग आप्पांकडे बघितलं. मग पिशवी उचलून पलंगाखाली सरकवली आणि म्हणाली, "आई, भूक लागलीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाखेचं शटर वर जाताना आप्पा बाहेर उभे होते. सुतळीची चप्पल, हातात घड्या घातलेल्या नोटा. थेट माझ्या टेबलाशी आले आणि हळूच वाकले.

"साहेब, खोली आपली झाली. पण पोरीला वर जायला बँकेचा जिना चढावा लागतो. बरं नाही दिसत. जिन्याचं किती होईल?"

मी ड्रॉवरमधून कोरा कागद काढला. कठड्यासकट लांबी किती, ते त्यांना विचारलं, आणि भाव काढायला बसलो.