गारी तापते तेव्हा

गाडी तापली की लोक पाणी बघतात, तेल बघतात. आमचे शेजारी हिराजीदादा आधी विचारत, “गारीत कोन होतं?”

“मी एकटाच होतो,” असं कुणी म्हणालं, की दादा त्याच्याकडे न बघता मागच्या सीटकडे बघत. बराच वेळ बघत. मग मान हलवून म्हणत, “एकल्यासाठी एवरी दमत न्हाय ती.”

असा माणूस ट्रान्सपोर्टवाला असो की बँकेतला, घरी जाताना समोरचा आरसा छताकडे फिरवून जाई.

दादा मेकॅनिक नव्हते. भिवंडीतल्या टेमघरचे जुने आगरी. दापोड्याकडची खारटणातली शेती गोदामांना गेली होती, आमच्या गल्लीतला मागांचा कारखाना भाड्याने दिलेला होता, आणि दिवसभर करायला काहीही उरलं नव्हतं. म्हणून ते गाड्या ऐकत. पांढरा सदरा, गळ्यात जाड साखळी आणि खिशात स्टीलचा पेला. बॉनेटवर पेला उपडा ठेवायचा, त्याच्या बुडाला कान लावायचा आणि डोळे मिटायचे. आसपास कुणी खोकलं तरी चालत नसे. “गप ऱ्हावा. बाय बोलते.”

प्रत्येक गाडी ही बाय. गाडी हा शब्द मात्र त्यांच्या तोंडी गारी असा येई. मी शाळेत मराठी शिकवत असे, त्यामुळे मला त्याची गंमत वाटायची. जिच्या नावातच गार आहे ती गरम होते, याचं दादांना वैयक्तिक दुःख होत असावं.

त्यांची निदानं बहुतेक चुकत. एका नवरदेवाच्या गाडीचा वॉटर पंप गेला म्हणून त्यांनी वरात उन्हात थांबवून ठेवली; गाडीत पेट्रोल नव्हतं. पण एकदा एका जीपला पेला लावून ते हळूच म्हणाले, “आत कुनीतरी ररते.” जमलेले लोक दोन पावलं मागे सरले. बॉनेट उघडलं तर बॅटरीमागे मांजराचं पिल्लू. तेवढ्या एका रडण्यावर दादांचं नाव नदीपलीकडच्या शेलार गावापर्यंत गेलं.

दादा जाऊन आता बराच काळ झाला. त्यांच्याविषयी लिहायला बसलो की आधी पेला आठवतो, आणि मग ती मे महिन्यातली दुपार.

त्या वर्षी माझी पत्नी वासंती गेली होती. गाडी तिची. आमच्या घरात गाडी तीच चालवायची. मी शेजारी बसून पुस्तक वाचायचो. ती गेल्यावर मी चालवू लागलो, आणि गाडी बिनसली. गावात बरी चाले. नदीवरच्या पुलाचा चढ लागला की काटा लाल पट्टीकडे सरके आणि तिचा जीव निघून जाई. पाय तळापर्यंत दाबला तरी सायकलवाले मला मागे टाकून पुढे जात, आणि जाताना वळून बघत.

गॅरेजवाला म्हणाला, “इंजन खोलना पडेगा, सर. उससे अच्छा बेच डालो.” पुण्याहून मुलगीही फोनवर तेच म्हणाली. कुणाचंच चुकत नव्हतं. पण चालकाची सीट अजून वासंतीच्या मापाला पुढे ओढलेली होती. माझे गुडघे स्टिअरिंगला लागत, तरी मी ती मागे सरकवली नव्हती. गाडी गेली असती तर ती जागाही गेली असती.

दादा न बोलावता आले. पेला लावला, डोळे मिटले, उघडले.

“मास्तर, गारीत कोन होतं?”

“एकटाच होतो, दादा.”

त्यांनी मागच्या सीटकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. नेहमीचं वाक्य काही ते बोलले नाहीत, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटली.

“चला,” म्हणाले. “कुठं बसते ती, ते बगू.”

शेलारकडे निघालो. काटा वर सरकताच दादांनी फर्मावलं, “हीटर लावा.”

“मे महिन्यात?”

“लावा हो! शिकलेला मानूस ना तुमी? तिचा ताप आपल्या अंगावर घ्यायचा.”

पायांवर भट्टीसारखा वारा आला. दादांनी सदऱ्याची बटणं सोडली आणि समाधानाने मान हलवली. “वारा गरम येते म्हंजे पानी फिरते. पंप बरा हाय. मंग बायला कोन दाबून धरते?”

पुलाच्या चढावर गाडी धापा टाकू लागली आणि मधोमध बसली. कशीबशी कडेला घेऊन मी इंजिन बंद केलं. नेमकी तेव्हाच वीज गेली. पुलाच्या अलीकडचे पलीकडचे सगळे माग एकदम थांबले. भिवंडीत राहणाऱ्याला तो खडखडाट ऐकू येत नाही. तो थांबला की ऐकू येतो. उन्हात सगळं तसंच होतं, रस्ता, नदी, पलीकडची झाडं, पण कुणीतरी श्वास धरून उभं असल्यासारखं. फक्त बॉनेटखाली कुणी नखाने पत्रा वाजवावा तशी टिक टिक येत होती.

“तापलेलं लोखंड थंड होताना वाजतं,” मी म्हणालो.

“म्हायती हाय मना,” दादा कुजबुजले. “तुमी मागं बगू नका.”

मी बघितलं नाही.

दादांनी बॉनेट वर केलं. पंखा अजून आपला आपण फिरत होता. दादा पुढच्या जाळीमागे वाकले, आणि दुसऱ्या क्षणी रस्त्याच्या पार पलीकडे होते. एक चप्पल मधेच राहिली.

“मास्तर, लांब व्हा! म्हातारी हाय! केस मोकले सोडून बसलेय!”

मी वाकलो. खरोखरच रेडिएटरच्या तोंडावर पांढऱ्या केसांचा दाट जटेसारखा थर होता. पंख्याच्या ओढीने त्याची टोकं हलत होती, जणू आतून कुणी हळूहळू मान हलवत होतं. पंखा थांबला. केस निजले. मी बोटाने टोक ओढलं तसा लांबच लांब पट्टा सुटून हातात आला, मऊ, तेलकट.

“दादा, या इकडे. रुई आहे.”

दादा लांबून आले, वास घेऊन बघितला, चिमटीत चुरला. “आयला! ही तं माज्याच कारखान्याची!” एअर फिल्टरचं झाकण काढलं तर त्यातही तीच गादी. ना रेडिएटरला वारा, ना इंजिनला श्वास.

“पन तुमची गारी कारखान्याच्या फॅनच्या तोंडाशी लागतेच कशाला? बाई तं दारात लावायच्या.”

खिडकीतून ती रिकामी उभी दिसू नये म्हणून मी ती गल्लीत, कारखान्याच्या भिंतीला लावत होतो. धूळ फेकणाऱ्या पंख्याखाली. हे मला सांगता आलं नाही. चप्पल घालून दादा कठड्याला टेकले.

“पान्याचं टोपन उघरायचं न्हाय अजून, वाफ तोंडावर येल. बसावं लागंल.”

बसलो. मागांचा आवाज अजून परतला नव्हता.

“माजी जीप अशीच तापायची,” दादा म्हणाले. “आईला मागं झोपवून कल्यानला नेत होतो, दवाखान्यात. काटा वर, गारीला दम न्हाय. मी आपला गारीशी बोलतोय, चल गो बाय, चल गो बाय. काट्यावरचा डोला काढला न्हाय. पोचवली बगा गारी. मागं वललो तं आई नव्हती. निजल्यावानी, पन नव्हती.”

नदीवरून वारा आला आणि हातातली रुई उडाली.

“कुठं गेली म्हायती न्हाय. पुलावर, का नाक्यावर. एक हाक मारली असती तं समजलं असतं. आता कुनाची गारी तापली का मना वाटते, मागं कुनीतरी हाय आनि हा पुढं काटा बगते.”

दादांनी उठून सदऱ्याच्या टोकाने जाळी पुसून काढली, फिल्टर कठड्यावर आपटला, गार झालेल्या रेडिएटरमध्ये बाटलीतलं पाणी ओतलं. मग पुढच्या दाराशी न जाता मागचं दार उघडून ते आत बसले.

“दादा, पुढे या ना.”

“न्हाय. तुमी चालवा. काट्याकरं बगायचं न्हाय. मधीमधी मना हाक मारा.”

पुलाचा उरलेला चढ समोर होता. गिअर टाकला आणि निघालो.

“दादा?”

“हाय.”

गाडी चढू लागली. किती दिवसांनी पायाखाली तिचा जोर लागत होता.

“दादा?”

“हाय.”

पुस्तकातल्या मराठीत हाय हा शोकाचा उद्गार आहे. मी वर्गात तो तसाच शिकवत आलो होतो. त्या दुपारी मागच्या सीटवरून तो पुन्हा पुन्हा येत होता आणि त्याचा अर्थ फक्त ‘आहे’ एवढाच होता.

माथ्यावर पोचलो तेव्हा मी पुन्हा हाक मारली. का कोण जाणे, तोंडून दादांचं नाव गेलं नाही.

“वासंती?”

मागे काही हललं नाही. आरशात बघायचं धैर्य मला झालं नाही. गाडी उतार घेऊ लागली, आणि मग उत्तर आलं.

“हाय.”

आवाज दादांचाच होता.