प्रभामावशीची दुबईतली रंगीत तालीम

प्रभामावशी पत्ता विचारते तो फक्त गोंधळलेल्या माणसाला. चौकात पोलीस उभा असू दे, त्याच गल्लीत जन्मलेला दुकानदार असू दे, त्यांच्याकडे ती ढुंकूनही बघणार नाही. जो मान वर करून पाट्या वाचतोय, मोबाइल आडवा-उभा करतोय, त्याला बरोबर गाठणार. "ज्याला रस्ता पाठ असतो ना, तो 'सीधा जाव, लेफ्ट लेव' असं खेकसून मोकळा होतो," हे तिचं तत्त्वज्ञान. "गोंधळलेला माणूस आपल्याबरोबर शोधायला लागतो की!"

हे तत्त्वज्ञान गडहिंग्लजला ठीक आहे. तिथे हरवून हरवून माणूस हरवणार तरी किती? पण ही बाई चौसष्टाव्या वर्षी पाठीवर भलीथोरली सॅक अडकवून दुबईत उतरली आणि माझी झोप उडाली.

मी दुबईत करामाला राहतो. बायको अनघा, एक मुलगी, आणि बांधकाम कंपनीच्या ऑफिसात फायली सांभाळण्याची नोकरी. प्रभामावशी माझ्या आईची धाकटी बहीण. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, लग्न केलं नाही. सव्वीस वर्षं कुंदाताई नावाच्या शिक्षिकेबरोबर दोन खोल्यांच्या घरात राहिली. रिटायर झाल्यावर दोघींनी व्हिएतनामला जायचं, असं ठरलेलं. का व्हिएतनाम, ते त्या दोघींनाच ठाऊक. गेल्या वर्षी कुंदाताई गेल्या. सहा महिने मावशी घुम्यासारखी बसून होती, आणि मग एके दिवशी तिने जाहीर केलं, "मी एकटी जाणार. आणि त्या झेंडेवाल्या गाइडच्या मागून मेंढरासारखी नाही. बॅकपॅकर म्हणून."

घरात हलकल्लोळ. आईचा मला फोन, "अरे, तू काहीतरी कर. तुझं ऐकते ती."

कुणाचं ऐकते ती! पण मी डोकं लढवलं. म्हटलं, "मावशी, आधी रंगीत तालीम कर. दुबईला ये. आठ दिवस हॉस्टेलवर राहा, एकटी हिंड. आठ दिवसांत मला फोन केलास तर व्हिएतनाम खलास. नाही केलास तर हनोईचं तिकीट मी काढतो." आणि वर आणखी एक खिळा ठोकला, "नुसतं हॅलोसुद्धा नाही. मेसेज नाही, काही नाही. काय ते तोंडाने सांग, रविवारी जेवायला येशील तेव्हा."

"दुष्ट आहेस," अनघा म्हणाली. मावशी मात्र म्हणाली, "मंजूर."

मला खात्री होती, दुसऱ्या दिवशी फोन येणार. बुधवारी ती आली. विमानतळावर मला येऊ दिलं नाही. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. फोन नाही. शनिवारी मला राहवेना. हॉस्टेल आमच्या घरापासून सात मिनिटांवर. सकाळी जाऊन समोरच्या किराणा दुकानाच्या आडोशाला उभा राहिलो. नऊला मावशी बाहेर पडली. सलवार-कमीज, पांढरे बूट, सॅक. मी मागे मागे. ती एका गल्लीत शिरली, मीही शिरलो, आणि मावशी गायब! इकडे बघतो, तिकडे बघतो, मान वर करून बाल्कन्या बघतो. अकरा वर्षं करामात काढली, पण ती गल्ली मी जन्मात पाहिलेली नव्हती. एवढ्यात मागून खांद्यावर टकटक.

"भाईसाब, मेट्रो किधर आएगा?"

वळलो. मावशी!

"अगो बाई, तू होय! मला वाटलं, या अख्ख्या गल्लीत सगळ्यात गोंधळलेला माणूस हाच."

मेट्रो स्टेशन मला सापडलं नाही, हे इथे सांगून टाकतो. शेवटी आम्ही दोघांनी मिळून एका तितक्याच गोंधळलेल्या नेपाळी माणसाला विचारलं. तो परवाच आलेला. तिघं मिळून पाऊण तास हिंडलो. मावशी खूष.

रविवारी ती जेवायला आली तेव्हा खरा बॉम्ब पडला.

"गुरुवारी मी सोनापूरला जाऊन आले," भरल्या वांग्याकडे बघत ती म्हणाली.

सोनापूर म्हणजे मुहैस्नाह. शहराच्या कडेला, बांधकाम मजुरांचे कॅम्प. तिथे टुरिस्ट कशाला जातोय? "तिथे कशी गेलीस तू?"

"रांग दिसली, उभी राहिले."

झालं होतं असं. एका साइटसमोर चारच्या सुमाराला निळ्या कपड्यांतली माणसं रांगेत उभी होती. चौतीस वर्षं पोरांच्या रांगा लावलेली मास्तरीण. रांग दिसल्यावर तिच्याच्याने पुढे जाववेना. पांढरी बस आली. पाटी नाही, नंबर नाही. आपल्याकडे वडापच्या जीपला कुठे पाटी असते? हात केला, थांबली, बसलो. मावशी चढली. ड्रायव्हरला वाटलं ऑफिसची मॅडम. पुढच्या सीटवरच्यांना वाटलं मागच्या कुणाची तरी आई. मागच्यांना वाटलं, कॅम्पची तपासणी. सगळे चिडीचूप. कुणीतरी उठून खिडकीची जागा दिली.

"एकदम शिस्तीत होती पोरं," मावशी म्हणाली. "मी मोजली. बेचाळीस. सगळे हजर."

"अगं, कॅम्पच्या गेटवर कार्ड मागितलं असेल!"

"मागितलं की. मी म्हटलं, कार्ड नाही, मला फक्त गाव बघायचंय. मग राजापूरचा एक गवंडी पुढे आला. म्हणाला, मावशी, ही कंपनीची गाडी हाय! मग त्याने टपरीवर चहा पाजला, सरकारी बसमध्ये बसवून दिलं. ते बस-मेट्रोचं नोल कार्ड चढताना टेकवायचं आणि उतरतानाही टेकवायचं, हे त्यानेच शिकवलं. तोवर मी उतरताना टेकवतच नव्हते."

"आजी, दॅट्स सो डेंजरस!" माझी मुलगी म्हणाली. डोळे मात्र चमकत होते तिचे.

त्या दिवशी मला कळून चुकलं, मी शर्त हरणार. सोमवारी आईला फोन करून सांगितलंसुद्धा, "तयारी ठेव. ही जातेय."

आणि मंगळवारी, सातव्या दिवशी, संध्याकाळी सहाला फोन वाजला.

"मला न्यायला ये."

मी उडालोच. जिंकलो! आणि लगेच घाबरलो. "कुठे आहेस? शारजा? आसपास काय दिसतंय? हलू नकोस तिथून!"

"हॉस्टेलवर आहे. खालच्या बंकवर."

"हॉस्टेलवर? मग न्यायला काय यायचंय? सात मिनिटांवर घर आहे! बरं वाटत नाही का?"

"बरी आहे मी. तू ये."

मी धावत गेलो. सहा बंकांची खोली. वरच्या एका बंकवर कोणी मुलगी पांघरूण घेऊन झोपलेली, बाकी सगळ्या ड्युटीवर. मावशी बूट घालून, मांडीवर सॅक घेऊन, शाळा सुटायची वाट बघत असल्यासारखी बसलेली.

"आज अल ऐनला गेले होते," ती हळू आवाजात म्हणाली, वरची मुलगी उठू नये म्हणून. "एवढ्या लांब, एकटी. खजुराची बाग बघितली, परत आले. एकदासुद्धा चुकले नाही. कुणाला विचारलंही नाही. दार उघडलं आणि सवयीने म्हटलं, आले गं बाई एकदाची."

मी समोरच्या बंकच्या कडेला टेकलो.

"सव्वीस वर्षं कुंदा आतनं 'आलीस?' म्हणायची. मी बाजारातनं येऊ दे नाहीतर कोल्हापूरहून. एवढंच. पुढे काही नाही. स्वयंपाकातनं तिचं डोकंसुद्धा वर व्हायचं नाही." मावशीने सॅकचा पट्टा ओढून सरळ केला. "हरवायला मी भीत नाही रे. पोचल्यावर काय करायचं, तेच कळत नाही. तू जिंकलास. व्हिएतनाम रद्द."

खरं सांगतो, मला माझीच लाज वाटली. सात दिवस ही बाई रोज त्या दारातून आत येत होती, आणि तिच्या तोंडाला कुलूप मी घातलं होतं. नुसतं हॅलोसुद्धा नाही, म्हणे! मोठा शहाणा!

"शर्त रद्द," मी म्हटलं.

"हरले म्हणजे हरले. आयुष्यात कुणाला वाढीव मार्क दिले नाहीत मी."

"वाढीव नकोच. पण पेपरच चुकीचा काढला असेल तर? चुकीच्या प्रश्नाचे सगळ्यांना पूर्ण मार्क मिळतात ना?"

मावशीने माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "ते बोर्डात."

"मग ही बोर्डाची परीक्षा समज. पेपर मी काढला, चूक माझी. तू हनोईला जायचंस. फक्त रोज पोचलीस की मला सांगायचं. मी 'आलीस?' म्हणणार."

"ऑफिसात असशील तू."

"असेन. तरी म्हणणार."

ती बराच वेळ बुटाची नाडी सोडून परत बांधत बसली. गाठ काही नीट बसेना. मी खाली बसून बांधून दिली. मग ती उठली आणि म्हणाली, "सॅक तू घे. जड आहे."

घरी पोचलो तर अनघा दारातच उभी. "आलात?" म्हणाली. तिला काही ठाऊक नव्हतं. मावशी तिच्या गळ्यातच पडली, आणि अनघा माझ्याकडे बघत राहिली, की बाबा, आता हे काय?

मावशी हनोईला जाऊन आज चौथा दिवस. माझा मॅनेजर वैतागलेला आहे. काल तर दोन ते साडेचार निरोपच नाही. मीटिंगमध्ये कोण काय बोलत होतं, देव जाणे. मी टेबलाखाली फोन बघत बसलो होतो. चार पस्तीसला व्हॉइस मेसेज आला. मागे हॉर्नचा नुसता गदारोळ, कोणीतरी मोठमोठ्याने हसतंय, आणि त्यात मावशीचा आवाज:

"पोचले रे. कुठे ते अजून कळलेलं नाही, पण पोचले."

मी मीटिंगमधून उठलो, बाहेर पॅसेजमध्ये गेलो, फोन तोंडाशी धरला आणि जोरात म्हणालो, "आलीस? बस आधी. पाणी पी."